ऐकून घेण्याची नोकरी

२ फेब्रुवारी
रुजू झालो. हुद्दा: स्टाफच्या मानसिक स्वास्थ्याचा समुपदेशक. वॉर्ड असा, की इथं आलेला पेशंट सहसा घरी परत जात नाही. पेशंटकडे बघायला नर्सेस आहेत. नर्सेसकडे बघायला कोण? मी.

डायरेक्टर स्पष्टच बोलले. वर्षभरात तीन नर्सेस सोडून गेल्या, आता इन्चार्ज सिस्टरांचीही चुळबूळ चाललीय, त्या गेल्या की वॉर्ड बसलाच म्हणून समजा, काय वाटेल ते करा पण त्यांना धरून ठेवा. म्हटलं, निश्चिंत राहा.

खोली मिळाली. आधी चादरी ठेवायची होती. दारावर स्वतःच्या हाताने पाटी लावली: 'मोकळीक'.

संकल्प: कमी बोलायचं, जास्त ऐकायचं. घरचं रडगाणं कामावर आणायचं नाही. तसं माझं रडगाणं काही नाहीच. बायको भावाकडे गेली आहे, तात्पुरती.

३ फेब्रुवारी
मोकळीकमध्ये कोणी आलं नाही. लाजत असणार. वॉर्डातल्या मावशी दोनदा डोकावल्या. चादरींसाठी.

५ फेब्रुवारी
ते येत नाहीत तर आपण जावं. दुपारी चहाच्या वेळी नर्सेसच्या खोलीत गेलो आणि 'बर्नआउट' या विषयावर थोडक्यात बोललो. चहा गार झाला, पण विषय पूर्ण झाला. डॉक्टरीणबाई ऐकता ऐकता खुर्चीतच झोपल्या. म्हणजे मन किती शांत झालं बघा. इन्चार्ज सिस्टरांनी एकच प्रश्न विचारला, साखर किती घेता?

९ फेब्रुवारी
यश! इन्चार्ज सिस्टर आपण होऊन मोकळीकमध्ये आल्या. दार लावून घेतलं. म्हणाल्या, सर, जरा बोलायचं होतं, हल्ली मला काहीतरी होतंय. म्हटलं, अगदी मोकळेपणी बोला.

समोरच्याचा संकोच घालवायला आधी स्वतःचा एखादा अनुभव सांगावा, असं आमच्या कोर्समध्ये शिकवलं होतं. म्हणून बायकोचा सांगितला. सुटकेस कशी भरली, माझे शर्ट बाजूला काढून ठेवून फक्त स्वतःचे कपडे कसे घेतले, वगैरे. अनुभव जरा लांबला. तेवढ्यात वॉर्डातली बेल वाजली आणि त्या उठल्या. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, जेवून घ्या वेळेवर. चेहरा बराच हलका वाटला. माझा नव्हे, त्यांचा.

१६ फेब्रुवारी
सर्वांसाठी रिलॅक्सेशन सेशन. डोळे मिटा, दीर्घ श्वास घ्या, समोर शांत तळं आहे अशी कल्पना करा. मी स्वतःही डोळे मिटून सूचना देत होतो, कारण नुसतं सांगणारा आणि करून दाखवणारा यात फरक असतो. मध्ये कुठंतरी पळापळ ऐकू आली. लक्ष विचलित होऊ दिलं नाही. शेवटी डोळे उघडले तर खोलीत फक्त मावशी. फरशी पुसत होत्या. म्हणाल्या, सगळे तीन नंबरच्या आजींकडे गेलेत, श्वास अडकलाय त्यांचा. तुम्ही जरा पाय वर घ्या.

मावशींपुरतं सेशन झालं असं धरायला हरकत नाही.

१९ फेब्रुवारी, दुपारी चार
सिस्टर पुन्हा आल्या. आज मी ठरवून गप्प बसलो. फार जड गेलं, पण बसलो.

त्या म्हणाल्या, काल खिडकीजवळचे मास्तर गेले. दोन महिने होते आपल्याकडे. मला पोरी म्हणायचे. मी त्यांचं अंग पुसलं, घरच्यांना फोन केला आणि मग डबा उघडून पोटभर जेवले. काही वाटलं नाही, सर. संध्याकाळी घरी लेक पडली, गुडघा फुटला, भोकांड पसरून माझ्याकडे आली. तेव्हाही काही वाटलं नाही. पट्टी मात्र चांगली बांधली.

मला भरून आलं. उठून त्यांचं अभिनंदन केलं. म्हटलं, सिस्टर, अशी अलिप्तता यायला लोकांची हयात जाते, तुम्ही जिंकलात. त्यांनी मला खुर्चीत बसवलं. मग हळूच म्हणाल्या, वहिनींचा फोन आला होता का? इतक्या आपुलकीने विचारल्यावर न सांगणं उद्धटपणाचं झालं असतं. सगळं सांगितलं.

डायरेक्टरांना लगेच मेसेज: इन्चार्ज सिस्टर पूर्णपणे सावरल्या.

२४ फेब्रुवारी
स्टाफमध्ये चांगलाच बदल. चहाला गेलो की कोणीतरी एकजण माझ्याजवळ बसतं, बाकीचे कामाला जातात. सोमवारी डॉक्टरीणबाई होत्या. परवा फिजिओथेरपिस्ट. आज मावशी बसल्या आणि म्हणाल्या, बोला, आज माझी पाळी. कसली पाळी म्हणून विचारलं तर गडबडल्या. म्हणाल्या, फरशीची. हातात फडकं नव्हतं.

बायकोचा मेसेज: रविवारी येऊन उरलेले कपडे नेते. भावाकडे थंडी जास्त असावी.

१ मार्च
इन्चार्ज सिस्टरांनी राजीनामा दिला.

डायरेक्टरांनी बोलावून फैलावर घेतलं. तुम्हीच कळवलं होतंत ना, सावरल्या म्हणून? म्हटलं, सावरलेलं माणूसच ठाम निर्णय घेऊ शकतं. त्यांना हसू आलं नाही.

महिनाभर जीव ओतला, त्याचं हे फळ. तडक सिस्टरांना गाठलं. विचारलं, जायचं होतं तर मला एका शब्दाने सांगायचं नाही? त्या म्हणाल्या, सांगायला आले होते, सर. दोनदा.

घरी येऊन खूप आठवून पाहिलं. दोन्ही वेळा आमचं बोलणं तर छान झालं होतं.

सिस्टर चष्म्याच्या दुकानात लागणार आहेत म्हणे. इतकी वर्षं हाताशी असलेलं कसब सोडून चष्मे विकणार? मी तसं म्हणालोही. तर म्हणाल्या, तिथं माणसं परत येतात, सर. नंबर वाढला की येतात.

१५ मार्च
सिस्टरांचा शेवटचा दिवस. निरोपाचं भाषण तयार करून लवकर गेलो. आत ड्यूटी बदलत होती. जाणारी सिस्टर येणाऱ्या सिस्टरला एकेक पेशंट सोपवते, दुखणं काय, झोप कशी, जवळचं कोण, ते चाललं होतं. मध्ये पडणं बरं नाही म्हणून दाराबाहेर थांबलो.

सगळ्या खाटा झाल्या. मग इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या, अजून एक आहेत. त्यांना खाट नाही. दुपारी चहाला येतात. बसवायचं आणि ऐकून घ्यायचं. मध्ये तोडलं तर कावरेबावरे होतात, म्हणून आम्ही पाळी लावून घेतो. बायको परत येणार नाहीये. ते त्यांना कळलंय, पण आपण होऊन विषय काढायचा नाही.

नवीन सिस्टरने विचारलं, सुधारणा?

त्या म्हणाल्या, ती अपेक्षा नाही. त्रास कमी राहील एवढं बघायचं.

जवळचं कोण?

त्याच आवाजात म्हणाल्या, आपणच.

खरं तर तिथल्या तिथं आत जाऊन खुलासा करायला हवा होता. समुपदेशक मी आहे. पण मोकळीकमध्ये जाऊन दार लावून बसलो. मला फार वाईट वाटलं. इतक्या दिवसांत त्या बाईला विचारलं नाही, की लेकीचा गुडघा आता कसा आहे. ठरवलं, आज चहाला जायचंच नाही. त्या निघतील तेव्हा फाटकापर्यंत सोडायचं, भाषण करायचं नाही आणि त्या बोलतील ते नुसतं ऐकायचं.

चहाला गेलो. नवीन सिस्टरने खुर्ची पुढे केली, हातातलं काम बाजूला ठेवलं आणि समोर बसली. चांगली मुलगी आहे. मन लावून ऐकते.

तेवढ्यात इन्चार्ज सिस्टर पिशवी घेऊन दारावरून गेल्या. क्षणभर थांबल्या, आत बघितलं. मी बोलत होतो, त्यामुळे उठता आलं नाही.