दुसऱ्यांदा वाजलेला फोन

अवधपुरी, भोपाळ
रविवार, ११ जून २०२३

इंदे,

सिंधूचा नमस्कार. काठी धरून दारापर्यंत जातेस असं तुझा जयंत आमच्या उदयला म्हणाला, ऐकून बरं वाटलं. नागपूरचं ऊन तुला नवीन नाही, पण आता बाहेर बसू नको. इथे कूलर एकाच खोलीत आहे, त्यामुळे आमच्या घराची दुपारी धर्मशाळा होते. जयंत तुला नागपूरला घेऊन गेला तेव्हापासून इथल्या तुझ्या तुळशीला रोज मीच पाणी घालते. कढीपत्त्याला मात्र वाली नाही, येणारीजाणारी ओरबाडते. परवा एकीला चांगली झापली, तर म्हणते, 'अम्मा, दो पत्ते ही तो लिए.' पिशवी भरली होती तिची.

माझं अक्षर बघून हसू नको. चौथीनंतर किराण्याच्या यादीपलीकडे मी काही लिहिलेलं नाही. पत्रं आमचे हे लिहायचे, ते गेल्यावर मी सांगायची आणि नात लिहायची. हे पत्र रेवाला सांगून लिहून घेण्यासारखं नाही. फोन करावा तर फोनवर मी गोड बोलते, आणि गोड बोलता बोलता खोटं बोलते. या महिन्यात तू ते चार वेळा ऐकलंस.

एक काम कर. जयंतला समोर बसव आणि हे त्याच्याकडून मोठ्याने वाचून घे. तुला स्वतःला वाचता येत असलं तरी.

माझा तो मिठाईचा खेळ तुला ठाऊक आहे. 'सिंधू, या वयात भातुकली?' म्हणून तू मला हसायचीस. दिवाळीत रेवाने फोनमध्ये घालून दिला. म्हणाली, 'आजी, बंदुकांचे खेळ आता पोरांना पण बोअर होतात. हल्ली असले निघालेत, एक बोट पुरतं.' खरंच पुरतं. दुकान आपलं, गिऱ्हाईक येतं, जिलबी माग, बालुशाही माग. एकासारखे एक तीन घास जुळवले की परात भरते. उशीर झाला की गिऱ्हाईकाचं तोंड लाल होतं आणि ते निघून जातं. महिन्या दोन महिन्यांनी त्यात काहीतरी नवीन येतं, त्याला अपडेट म्हणतात, आणि सगळा देश त्यामागे पळतो. या कंपन्यांना आता म्हाताऱ्या सापडल्यात, इंदे. घरात मला सकाळपासून कोणी काही विचारत नाही, फोन विचारतो, 'अम्माजी, आज दुकान नहीं खोलेंगी?'

एकेका चमूला त्यात मोहल्ला म्हणतात, वीस जणांचा. आमच्या मोहल्ल्यात जबलपूरची एक मास्तरीण होती, ग्वाल्हेरचा बँकेतला गार्ड होता, बाकीचे कुठले कोण जाणे. तोंड कोणाचं पाहिलेलं नाही. माझ्या दुकानाचं नाव नागपूरवाली. गार्ड लिहायचा, 'अम्माजी हैं तो जीत है.' माझ्यावाचून काही अडतं असं आमच्या घरात दहा वर्षांत कोणी म्हटलेलं नाही. सुलभा सून म्हणून चांगली आहे, तिच्याबद्दल तक्रार नाही. पण ती माझ्या हातून डाळीचं भांडंसुद्धा काढून घेते. हे मी कारण म्हणून सांगत नाही. सांगितलं इतकंच.

आता कारखान्याच्या क्वार्टरमधला नळ आठव. मी खाली, तू वर, अठ्ठावीस वर्षं. पाइपावर चमच्याने एकदा टक् केलं की चहा झालाय, ये. वाजतच राहिलं की हातातलं टाकून ये. तुमच्या भालचंद्र भावजींना तिसऱ्या पाळीतून आल्यावर छातीत दुखलं, तेव्हा तू असा पाइप वाजवलास की मी ओल्या केसांनी वर धावले होते. रिटायर झाल्यावर इथे शेजारी शेजारी घरं बांधली, पण दोन घरांत पाइप एक नाही. मग तूच काढलीस युक्ती. एक रिंग देऊन फोन कापला तर चहा. वाजतच राहिला तर किल्ली घेऊन ये. तुझी किल्ली माझ्या देवघरातल्या खिळ्यावर, माझी तुझ्या. मरेपर्यंत पुरेल अशी व्यवस्था होती.

पाच मे, शुक्रवार. त्या दिवशी खेळाचं नवं निघालं होतं, 'शादी स्पेशल'. चार वाजता उघडणार, सहाला बंद. पाचशे लाडवांची ऑर्डर, मोहल्ल्यातल्या सगळ्यांनी मिळून करायची. एकाने हात काढला तर सगळ्यांची परात सांडते. उदय कारखान्यात होता, सुलभा जवाहर चौकात कापड आणायला गेली होती, रेवा आतल्या खोलीत अभ्यास करत होती. मी पलंगावर चष्मा लावून बसले.

कारखान्याचा साडेचारचा भोंगा व्हायच्या जरा आधी तुझा फोन आला. फोन आला की लाडू दिसेनासे होतात, तुझं नाव वर येतं. मी बोटाने बाजूला सारलं. एकच रिंग झाली होती, मला वाटलं चहा. कापला मीच होता, म्हणून एकच रिंग झाली, एवढं डोक्यात शिरलं नाही.

सहाला आमचा मोहल्ला पहिला आला. मी फोन घेऊन तुला दाखवायला निघाले. बेल दाबली, तू उघडेनास. मग परत येऊन किल्ली नेली. तू बाथरूमच्या उंबऱ्यावर पडली होतीस, पदर ओला, हातात फोन. मला बघून म्हणालीस, 'आलीस?' एवढंच म्हणालीस. माझ्या फोनमधून अजून लग्नाची सनई वाजत होती.

सगळ्या गल्लीत नाव माझं झालं. सिंधूताईंच्या हाताशी किल्ली होती म्हणून बाई वाचली. तूसुद्धा स्ट्रेचरवर माझा हात धरून ठेवलास.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जयंत तुझा फोन घेऊन आला. उदय, सुलभा, रेवा, सगळे तिथे होते. त्याचा आवाज चढलेला नव्हता. 'काकू, आईने तुम्हाला तीनदा लावला. तीनही वेळा कापला गेलाय.'

मी म्हटलं, 'फोन रेवाकडे होता.'

विचार करून म्हटलं नाही. पण जीभ माझी होती, दुसऱ्या कोणाची नव्हती. रेवाच्या हातात तुझा डबा होता. तिने तो या हातातून त्या हातात घेतला. उदयने तिथेच, नर्सबायांच्या समोर तिला नाही नाही ते सुनावलं. सुलभाने घरी आल्यावर तिचा फोन कपाटात टाकला. महिना झाला, बाप पोरीशी बोलत नाही. आणि तू, खुबा मोडलेली, मला म्हणालीस, 'लहान आहे गं, सोड.' मी म्हटलं, 'हो, लहान आहे.'

तिला नागपूरच्या कॉलेजात जागा मिळाली. तिथे जयंताकडे राहायचं दोन वर्षांपूर्वीच ठरलं होतं, तूच ठरवलं होतंस. आता जयंत म्हणतो, 'काकू, राग मानू नका, आई दिवसभर घरात एकटी असते. त्या मुलीच्या भरवशावर तिला कसं ठेवू?' बरोबर बोलतो. मी त्याच्या जागी असते तर पोरीला फाटकातून आत घेतलं नसतं. उदय हॉस्टेलला पाठवणार नाही. काल रात्री जेवताना म्हणाला, नागपूर रद्द, वीस तारखेच्या आत इथलंच काहीतरी बघतो. रेवाने पोळी तोडली, ती तशीच हातात राहिली.

आज सकाळी पोह्यांच्या वेळी मी सगळ्यांसमोर सांगितलं, फोन माझ्या हातात होता. उदय उठून बाहेर गेला. सुलभा म्हणाली, 'आई, चहा गार होतोय.' ती रागावली की असंच बोलते.

रेवाला म्हटलं, 'तू त्याच दिवशी का नाही बोललीस?'

'मला माहीत होतं, आजी. स्कोअर सगळ्यांना दिसतो. चार ते सहा, नागपूरवाली, पहिला नंबर.'

'मग?'

'माझ्यावर चिडून इंदूआजी विसरली असती. तुझ्यावर चिडली असती तर तू चहाला कोणाकडे जाणार होतीस?'

अठरा वर्षांच्या पोरीने माझी कीव केली. त्यापेक्षा तिने ताट फेकून मारलं असतं तर मला जेवण गेलं असतं.

घरच्यांना मी सांगितलं ते असं: एकच रिंग झाली, मला चहा वाटला, म्हातारीची चूक झाली. त्यांनी मानलं. त्यांना तेवढंच सांगितलंय. जयंत, आता नीट वाच, मधेच थांबू नको.

पहिल्या वेळी मला खरंच चहा वाटला. दुसऱ्या वेळी नाही वाटला. इंदे, चहासाठी तू आयुष्यात कधी दोनदा पाइप वाजवला नाहीस. दुसऱ्यांदा तुझं नाव वर आलं तेव्हा मला कळलं की काहीतरी झालंय. आणि गार्डाने लिहिलं होतं, 'अम्माजी, बस साठ लड्डू और.' मी म्हटलं, एवढे साठ झाले की जाते. बोटाने तुला बाजूला सारलं. तिसऱ्या वेळी तर मी नावही वाचलं नाही. साठ झाले तशी गार्डाने आणखी चाळीस मागितले. तू दीड तास ओल्या फरशीवर होतीस आणि मी, जे कुठेच नाहीत अशा लोकांच्या लग्नात लाडू वळत होते.

त्यानंतर तुझ्या दाराची बेल दाबली तेव्हा तू लगेच उघडावंस असं मला फार वाटत होतं. बाकी काही लिहिता येत नाही.

खेळ आज दुपारी काढून टाकला. काढताना विचारतो, 'अम्माजी, मोहल्ला सूना हो जाएगा, सच में जाएँगी?' गेले. गार्ड दुसरी म्हातारी शोधेल.

माझ्यासाठी काही मागत नाही. रेवाला ठेवून घे. तुझ्या एका हाकेला ती उठेल, ते मी तिच्या आजीकडे बघून सांगत नाहीये, तिच्याकडे बघून सांगतेय. जयंताने हो म्हटलं तर उदय तिला आणून सोडेल. मी येणार नाही.

पाकीट जाड लागलं असेल. आत तुझ्या घराची किल्ली आहे. माझ्या खिळ्यावर ती ठेवायचा मला हक्क नाही. इथे समोर रत्नप्रभा राहते, परत आलीस की तिला दे, तिच्या फोनमध्ये खेळ नाही. तुळशीला मी बाहेरून पाणी घालीन. माझी किल्ली मात्र तुझ्याकडेच राहू दे. तू कधी कोणाचा फोन कापलेला नाहीस.

दुसऱ्यांदा ऐकूनही न आलेली,
सिंधू