बटणांचा डबा

ता. १४, मंगळवार
दुकान उघडण्याआधी

चि. भिंगरी,

आशीर्वाद. मी खुशाल आहे. गुडघा कुरकुरतो, पण मशीन थांबलेलं नाही. तुझा सिनेमा पोचला, पत्रही पोचलं. उत्तराला चार दिवस उशीर झाला, त्याचं कारण पुढे येईलच. "आई, तू नको म्हणालीस तर मी हा कुठेच दाखवणार नाही," असं लिहिलंयस. त्याचं उत्तर शेवटी देते. आधी चुका ऐक.

समोरच्या चष्मेवाल्यांनी त्यांच्या मोठ्या पडद्यावर लावून दिला. लावल्याबरोबर मी त्यांना बाहेर पिटाळलं आणि बाराच्या बारा मिनिटं एकटीनं पाहिली. मग पुन्हा दोनदा. ते बिचारे तोवर आपल्याच दुकानाबाहेर उभे.

तर चुका. तुझ्या त्या नटीला कात्री धरता येत नाही. कापड कापताना खालचं पातं टेबलावरून उचलायचं नसतं, एवढंही तिला कुणी सांगितलं नाही? आणि तोंडात टाचण्या धरून इतकं स्पष्ट कोण बोलतं? शिवाय त्या मुलीचा फ्रॉक चार बोटं आखूड आहे. शिवणबाईच्या मुलीचा फ्रॉक आखूड! कपडे सांभाळणारीला म्हणावं, आधी माप घ्यायला शिक. मुलगी मात्र गुणी आहे हं. पंख्याची पाती मोजते काय, जमिनीवर लोळते काय, पायाच्या अंगठ्यानं दार उघडबंद करते काय. कंटाळा असा दिसतो हे मला ठाऊक नव्हतं.

बाबांना घेतलंच नाहीस. बरोबर आहे, फिरतीची नोकरी, ते घरात होतेच कुठे. पण मला घेतलंस आणि चेहरा दाखवला नाहीस! नुसती पाठ. फार राग आला. परत आल्यावर दुकानामागच्या खोलीत गेले आणि तू बसायचीस तिथे जमिनीवर बसून पाहिलं. तिथून मशीनची खुर्ची दिसते, आणि खुर्चीवरच्या बाईची पाठच दिसते. ही चूक मागे घेते.

फ्रॉकचीही घेते. तो मुद्दाम आखूड केलाय हे मला पहिल्याच मिनिटाला कळलं होतं. शाळेच्या कार्यक्रमासाठी मी तुला आदल्या वर्षीच्या मापानं फ्रॉक शिवला होता. गल्लीतल्या प्रत्येक बाईचं माप दर खेपेला नव्यानं घ्यायचे, आणि तुझं तेवढं वहीतलं जुनं पाहिलं. आखूड बाह्या दिसू नयेत म्हणून तू हात पाठीमागे धरून गाणं म्हटलंस.

काल मावशीचा फोन आला होता. "घरातल्या गोष्टी चव्हाट्यावर कशाला? पोटासाठीच केलंस ना सगळं?" मीही तुला तसंच लिहिणार होते. पण ते अर्धंच खरं आहे. मला हे दुकान आवडायचं. बायका यायच्या, हसायच्या, मी म्हणेन ते ऐकायच्या. तुझ्याशी काय बोलायचं ते मला सुचायचं नाही. तू "आई, कंटाळा आला" म्हणत आलीस की मी बटणांचा डबा पुढे करायचे. "रंगवार लाव बघू. फार महत्त्वाचं काम आहे." तू बापडी दुपारभर वाट्यांमध्ये लावत बसायचीस. आणि संध्याकाळी तू खेळायला गेलीस की मी सगळ्या वाट्या पुन्हा डब्यात ओतायचे. उद्याची सोय म्हणून.

हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. मला वाटायचं, तुला पत्ताच नाही. आणि तुझ्या सिनेमातली ती मुलगी हिरव्या बटणात लाल दोरा ओवते, वाटीत सगळ्यात वर ठेवते, आणि दुसऱ्या दिवशी तेच बटण तिला डब्याच्या तळाशी सापडतं. ती एकदा त्या पाठीकडे पाहते. मग पुन्हा लावायला बसते.

सिनेमावाल्यांनी रचलेलं काहीतरी, म्हणून मी मनाची समजूत घातली. तरी डबा काढला आणि रंगवार लावायला बसले. तीन दुपारी लागल्या. दुसऱ्या दुपारी तर इतका जीव विटला की उगाचच दाराशी जाऊन उभी राहिले, कुणी येतंय का बघत. तिसऱ्या दुपारी ते हिरवं बटण मिळालं. दोऱ्याचा रंग उडून गुलाबी झालाय, गाठ मात्र पक्की आहे. मी रडले, लपवत नाही. सगळं ठाऊक असून तू माझं ते महत्त्वाचं काम करत राहिलीस गं.

आता उत्तर. दाखव. सगळीकडे दाखव. वाट्या ओतण्याचा भाग कापायचा नाही. मावशीचं मी बघून घेते. पुढच्या सिनेमाआधी त्या नटीला मात्र माझ्याकडे पाठव, कात्री शिकवते.

पहिल्या खेळाला मी येणार आहे. दुकान तीन दिवस बंद, पाटी लिहून झाली. तुला कोट शिवायचा आहे, कापड आणून ठेवलंय. माप कळवू नकोस. टेप घेऊन मीच येतेय.

तुझी, या वेळी चेहऱ्यासकट,
आई