चक्कीवर लिहिलेला अर्ज

४ नोव्हेंबर
प्रणाली आज राजूरहून आली. सातवा महिना. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे माझ्या अंगावर. जावई सोडून लगेच परत गेले, खाणीत ड्यूटी.
गावात आरोग्य उपकेंद्र आहे, पण उन्हाळ्यापासून कुलूप. विचारलं की एकच उत्तर: "नर्सची जागा खाली आहे." मागच्या गल्लीतल्या शोभाची सून ऑटोतच बाळंत झाली, कळंबच्या दवाखान्यात पोचायच्या आत. दोघंही सुखरूप, पण माझ्या पोरीचं तसं व्हायला नको.

७ नोव्हें.
प्रणालीनेच विषय काढला. "आई, माहितीचा अधिकार आहे न. टाक अर्ज."
आमची पिठाची चक्की सुरू, बायका दळण घेऊन बसलेल्या. पोत्यावर कागद ठेवून लिहायला घेतलं. शोभा म्हणाली, "आमच्या गल्लीतल्या लाइटचं बी टाक वो." दळण न्यायला आलेले गुलाबभाऊ: "नालीचं लिहा, वर्षापासून तुंबून राह्यली." मग शाळेचा नळ, मग राशन. कोणाकोणाचं मन मोडू? चार पानं झाली. शेवटी मोठ्या अक्षरात, "आमच्या गावात नर्स काहून नाही?" लिहून फार बरं वाटलं.

२१ नोव्हें.
अर्ज परत! एका अर्जात एकच विषय, तोही दीडशे शब्दांत. आणि 'का' विचारता येत नाही म्हणे. कार्यालयात जो कागद असेल त्याचीच प्रत मिळेल. इतका राग आला की वांगी करपली. प्रणाली पोट धरून हसली. मग मीही.

२२ नोव्हें.
नवा अर्ज. 'आमच्या उपकेंद्रातील नर्सच्या नेमणुकीच्या आदेशांच्या प्रती द्याव्यात.' बस. माझ्यासारख्या बडबडीला एका वाक्यात थांबायचं म्हणजे...
बाकीच्यांना सांगितलं, आपापला वेगळा टाका. शोभाने लाइटचा टाकला, गुलाबभाऊंनी नालीचा.
तालुक्याच्या आरोग्य कार्यालयात बाबू म्हणे, "काकू, कायले एवढ्या लांब आल्या? जागा खालीच आहे." म्हटलं, "तेच लिहून द्या." पोच घेतली, शिक्का नीट उमटलाय का पाहिलं, मगच हलले.

६ डिसें.
सकाळी विहारात. बाबासाहेबांच्या फोटोला हार घातला, बाहेर आले तर सरपंच उभे. "अर्ज मागं घ्या न काकू, गावाचं नाव खराब होते."
"नाव त्या कुलपानं खराब होऊन राह्यलं, भाऊ."
बोलून गेले खरी. घरी येईपर्यंत दोनदा मागं वळून पाहिलं.

१९ डिसें.
पाकीट आलं. जागा रिकामी नाहीच! नर्सची नेमणूक आपल्याच गावाला, फक्त पुढील आदेशापर्यंत 'कामगिरीवर' दुसरीकडे. म्हणजे आपली नर्स आहे! आम्ही आपले नाही नाही म्हणून रडत बसलो. राग यायला हवा होता, आनंदच झाला. चक्की थांबवून सगळ्यांना वाचून दाखवलं. शोभा म्हणाली, "मंग आमची बाई आम्हाले वापस द्या म्हना."
तेच लिहिलं, तालुक्याच्या त्याच कार्यालयाला, साध्या अर्जात. आदेशाची प्रत जोडली. खाली सगळ्यांच्या सह्या, काहींचे पिठाळ अंगठे.

५ जाने.
शोभाच्या गल्लीत लाइट लागला. उगाचच दोनदा तिकडून चक्कर मारून आले. नाली अजून तशीच, गुलाबभाऊ म्हणतात अपिलात जातो.
नर्सचं काहीच कळत नाही. प्रणालीचे पाय सुजलेत, महिनाअखेरची तारीख आहे. ऑटोवाल्याला सांगून ठेवलं. आशा आहे, पण म्हणून हातावर हात ठेवून बसणार नाही.

१२ जाने.
दुपारी फोन. "काकू, सिस्टर बोलून राह्यली. वापसीची ऑर्डर निघाली माही. सोमवारी येतो."
मला रडूच आलं. डोळे पुसते तोवर पुढचं वाक्य: "उपकेंद्राची चावी कोणापाशी आहे?"
चावी! सरपंच म्हणतात तालुक्याला आहे, तालुका म्हणतो ग्रा.पं.त. गुलाबभाऊ घण घेऊन निघालेच होते. सरकारी कुलूप आहे म्हणून कसंबसं थांबवलं.
मी सवयीने कागद-पेन काढला. प्रणाली ओरडली, "आई, अर्जाले महिना लागते! माह्यापाशी महिना आहे का?"
बरोबर आहे. पेन ठेवते. आधी ग्रा.पं.च्या शिपायाच्या घरी, तिथे नाही मिळाली तर सरपंचांच्या दारात. शोभा बाहेर चप्पल घालून उभी आहे.