डोंगर थांबला नव्हता

४ मार्च
बाराशे मीटर! तेलविहीर खणणारी रिग आता गाळात नीट शिरली. माझं काम तेच — वर येणारा चुरा धुवायचा, सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा, त्यातल्या बारीक शिंपल्यांवरून गाळाचं वय सांगायचं. भोक पाडतात भाऊजी. ताई सारखी म्हणते, "एका कामावर आहात, एकमेकांना सांभाळा जरा."

जेवताना भाऊजींनी विचारलं, "मेहुणीबाई, डोंगर तिकडे, मग जमीन इथे का खचली?" म्हटलं, गादीच्या कडेला जाडा माणूस बसला की शेजारची गादीही दबते ना, तसं. डोंगर चढला, त्याच्या ओझ्याने शेजारची जमीन वाकली. मग नद्यांनी डोंगराचीच माती आणून त्या खळग्यात ओतली.
"म्हणजे खड्डा पाडणार हाच, भरणार हाच. आपल्या साहेबांचा भाऊ दिसतो!"

८ मार्च
साहेबांना कोणत्या खोलीवर कसला गाळ लागेल त्याचा तक्ता दिला. डोंगर भराभर चढला असेल तर जमीनही भराभर खचते, गाळ घाईघाईत साचतो, आतल्या पाण्याला निसटायला वेळ मिळत नाही. ते कोंडून राहतं, गाळ मऊच राहतो. तिथे भोक गेलं की उसळी! त्याआधीच भोकात जड चिखल सोडून दाब धरावा लागतो. माझ्या हिशेबाने तो पट्टा सव्वीसशे मीटरच्या खाली. त्यावरचा गाळ साचला तेव्हा डोंगर शांत होता.
साहेब म्हणाले, "नक्की?"
"नक्की."

१३ मार्च
ताप. चुऱ्याचे तीन ट्रे तसेच पडलेत.

१५ मार्च
भाऊजी गेले.

१८ मार्च
चोवीसशे दहा मीटरवर उसळलं. भरदुपारी. आधी जमीन थरथरली, मग चिखल, मग पाणी आणि वायू — रिगच्या टोकापेक्षा उंच. भाऊजींनी बाकीच्यांना हाकललं आणि स्वतः झडप बंद करायला मागे राहिले. सगळे वाचले. ते सोडून.

ताईला मी सांगितलं. तिने फक्त विचारलं, "जेवले होते का?"

२२ मार्च
चौकशी. मी सगळ्यांसमोर सांगितलं — नोंदींत वायूचं प्रमाण सकाळपासून चढत होतं, साहेबांनी काम थांबवलं नाही. साहेब म्हणाले, "तक्ता सुरक्षित म्हणत होता. मी तक्त्यावर विसंबलो." कुणी ऐकलं नाही. त्यांना कामावरून काढलं.

बाहेर आल्यावर ताईने माझा हात घट्ट धरला. "सोडू नकोस त्या साहेबाला."

२७ मार्च
केबिन आवरायला गेले. तापात राहून गेलेले ते तीन ट्रे होते. सवयीने धुतले, बघितले.

दोन हजार आणि तेवीसशे मीटरवरचे शिंपले जवळजवळ एकाच वयाचे! तीनशे मीटर गाळ एका दमात साचलेला. चार वेळा बघितलं. मी धरलं होतं की डोंगर तेव्हा थांबला. थांबला नव्हता. चढतच होता, जमीन दबतच होती, पाणी कोंडतच होतं. जड चिखल दोन हजारालाच सोडायला हवा होता.

चूक साहेबांची नाही. माझी.

२८ मार्च
ट्रे फक्त मी पाहिलेत. नळाखाली धरून चुरा वाहू दिला की संपलं. दिवसभर नळाकडे बघत बसले. शी!

२९ मार्च
चौकशीवाल्यांना पत्र लिहिलं. दोन पानं. टाकण्याआधी ताईला सांगायला हवं. तिने जन्मभर माझं तोंड पाहिलं नाही तरी.

३० मार्च
सांगितलं. ताई कपड्यांच्या घड्या घालत होती. थांबली नाही.
म्हणाली, "माहीत आहे मला. चौकशीच्या दिवशीही होतं. त्या दिवशी डबा घेताना म्हणाले होते — तिचा आकडा चुकलाय गं, लोण्यात सुरी जावी तसं भोक पडतंय. पण साहेबांसमोर पोरीला खोटं कसं पाडू? संध्याकाळी तिलाच हळूच सांगतो."