रोजची चिमूट

४ मार्च
ती. बाबांस सा. न.

मी मजेत. पशुरोग प्रयोगशाळेत मला स्वतंत्र टेबल मिळाले. घरातली पहिली पदवीधर म्हणून त्यावर विष्ठेच्या बाटल्या मांडण्याचा मान माझा. कोंबड्यांच्या पाण्यात तुम्ही रोज चिमूटभर प्रतिजैविकाची पावडर टाकता, ती बंद करा असे तिसऱ्यांदा लिहिते आहे. धडधाकट कोंबड्यांना रोज औषध पाजले, की तगून राहतात ते औषधाला न जुमानणारे जंतू. मग खऱ्या आजारात उपाय उरत नाही. सोबतच्या डबीत खुराड्यातली विष्ठा पाठवा, तपासून दाखवते. आईला नमस्कार. लोभ आहेच, थोडे ऐकणेही असावे.

तुमची,
ठकी

११ मार्च
चि. ठकीस अनेक आशीर्वाद.

डबी पाठवली. पोस्टातल्या कारकुनाने आत काय आहे ते विचारले, मी खरे सांगितले, तो मागे सरकला. तुला जंतूंची बाधा नको म्हणून आत दोन चमचे पावडर घातली आहे. पंधरा वर्षे कोंबड्या पाळतोय, त्यांना तुझी पदवी ठाऊक नाही. एकीने अंगठ्याला चोच मारली, तो जरा सुजलाय. त्यावरही तीच पावडर लावतो. आई दवाखान्यात जा म्हणते. तिला सगळ्याचीच घाई. तब्येत सांभाळ, आमची काळजी आम्हांला करू दे.

तुझा,
बाबा

१६ मार्च
ती. बाबांस सा. न.

नियमाने तुमचा नमुना बाद आहे. औषध पेरलेली विष्ठा आमच्या मोठ्या बाईंनीही प्रथमच पाहिली. कुतूहलाने तपासली, तर इतक्या पावडरीतही जंतू सुखरूप. आणखी पाच औषधे लावली. चार फुकट गेली. बाबा, तोच जंतू अंगठ्यात असेल तर तुमच्या पावडरीने त्याचा केसही वाकडा होणार नाही आणि हात मात्र जाईल. पत्र मिळताच दवाखान्यात जा, सोबतचा अहवाल डॉक्टरांना दाखवा. रागवा, पण तिथे बसून रागवा.

तुमची,
ठकी

२५ मार्च
चि. ठकीस आशीर्वाद.

अक्षर आईचे, शब्द माझे; उजवा हात बांधलेला आहे. डॉक्टरांनी पू तपासायला दिला, त्यात तोच जंतू निघाला. तुझे पाचवे औषध सुईने देतात. अंगठा काढावा लागेल असे परवापर्यंत म्हणत होते, आज म्हणाले नाहीत. शेजारच्या खाटेवरच्या माणसाला मी तुझे टेबल किती मोठे ते सांगितले.

आईने पावडर बंद केली. त्यानंतर तीन पिल्ले दगावली. मी तिला दोष दिला नाही, हे तुला कळवायचा आग्रह तिचा. चौथे मान टाकून बसले आहे. काय करायचे ते लिही. तू सांगेपर्यंत आम्ही काही देत नाही.

तुझा,
बाबा