पाचवीच्या नोटिशीतल्या दोन ओळी

बाबा,

आज मी परत तुमची चूक सांगितली. दर मार्चमध्ये सांगते. फरीदाबादच्या या शाळेत प्राथमिक विभाग माझ्याकडे आला तेव्हापासून वर्ष संपताना पालकांना जाणारी शेवटची सूचना मीच लिहिते, आणि ती कशी लिहायची हे नव्या शिक्षिकांना एक दुपार बसवून शिकवते. निकाल कधी, पुस्तकांची यादी कुठे मिळेल, एप्रिलपासून उन्हाळी गणवेश, बसचा फॉर्म कधीपर्यंत द्यायचा. शाळेत राहिलेले स्वेटर आणि डबे घेऊन जा, नाहीतर देऊन टाकू. (यंदा सत्तावीस स्वेटर आहेत. मुलांना घरी जाताना थंडी वाजत नाही का, देव जाणे.) आता सगळं मोबाइलवर जातं. बटण दाबलं की पाचशे घरांत पोचतं आणि पाचशेतले चारशे लोक ते न वाचताच अंगठ्याचं चित्र टाकतात. म्हणून मी या नव्या पोरींना सांगते की, पाठवण्याआधी तीनदा वाचा, आणि आजारी मुलांच्या घरी फोन करा, नुसतं ग्रुपवर टाकून हात झटकू नका. त्या आपसात हसतात. 'मॅम, ग्रुप पे डाल दिया है ना,' म्हणतात. मग मी तुमची गोष्ट काढते. माझे वडील करोल बागच्या एका शाळेत टाइपिस्ट होते, त्यांच्या हातून आयुष्यात एकदाच नोटिशीतली एक ओळ सुटली, आणि त्या ओळीपायी एका मुलीची शाळा सुटली. एवढं सांगितलं की सगळ्या वह्या उघडतात. हुकमी गोष्ट आहे.

आज मात्र एक नवी मुलगी, जेमतेम तेवीसची असेल, वही मिटून म्हणाली, 'मॅम, और उस बच्ची का क्या हुआ?' इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. सगळ्यांना तुमची दया येते. 'अंकल को कितना बुरा लगा होगा,' एवढंच म्हणतात. मी तिला काहीतरी थातुरमातुर सांगितलं, चहा मागवला, विषय बदलला. आता सगळ्या गेल्यात, मी ऑफिसात बसले आहे, बाहेर मैदानात पाणी मारतायत. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली. शेवटचे अकरा दिवस मी तुमच्या उशाशी होते, तेव्हा बोलायला वेळच वेळ होता. तेव्हा मूग गिळून बसले आणि आता कागद पुढे ओढलाय.

तुमचं ऑफिस मला अजून जसंच्या तसं दिसतं. जिन्याखालची ती लांबोडकी खोली, एकच खिडकी, खिडकीशी तुमचं हिंदी टाइपरायटर, आणि कोपऱ्यात ते छपाईचं मशीन, ज्याला सगळे सायक्लोस्टाइल म्हणायचे. शाळा सुटली की मी तिथे येऊन बसायची, तुमचं काम संपेपर्यंत. तुम्ही मेणाचा कागद, तो स्टेन्सिल, टाइपरायटरला लावायचात आणि शाई नसलेल्या अक्षरांनी मेण कापत त्यावर नोटीस उमटवायचात; छापताना शाई त्या कापांतून कागदावर उतरायची. एखादं अक्षर चुकलं तर छोट्या बाटलीतलं लाल औषध ब्रशने त्यावर लावून काप बुजवायचा, फुंकर घालायची, वाळलं की वरून बरोबर अक्षर मारायचं. तुम्हाला ती बाटली महिन्यातून एकदा लागायची की नाही कोण जाणे. शाळेत म्हणायचे, बाबूजींच्या नोटिशीत मुंगी शिरायला जागा नाही. तुम्ही ऐकून न ऐकल्यासारखं करायचात, पण घरी आईला बरोबर सांगायचात.

मी पाचवीत होते. वार्षिक परीक्षा संपली होती आणि पाचवीच्या पालकांसाठी वेगळी नोटीस निघायची होती, कारण पाचवीनंतर मुलं वरच्या शाळेत जायची. तुम्ही टाइप करत होतात, मी तुमच्या खांद्यावरून वाचत होते. निकालाचा दिवस, दाखल्याचे कागद, मग आजारपणामुळे ज्यांचा गणिताचा पेपर राहिला त्यांच्यासाठी पुन्हा पेपर, आणि सगळ्यात खाली, या रोल नंबरच्या मुलांच्या पालकांनी निकालाआधी वर्गशिक्षिकेला भेटावे. चार नंबर होते. तिसरा माझा होता. तुमचा हात थांबला नाही. ज्या वेगाने पहिले दोन मारलेत त्याच वेगाने तुम्ही माझा मारलात. मी रडकुंडीला येऊन म्हणाले, 'बाबा, माझा नको ना. सगळा वर्ग वाचेल.' तुम्ही चष्म्यावरून पाहिलंत. 'दुसऱ्यांच्या पोरांचे नंबर लिहिताना हात थांबत नाही, मग तुझ्यासाठी का थांबवू? अभ्यास करायचा होतास.' एवढंच. तेवढ्यात प्रिन्सिपलसाहेबांनी बोलावलं म्हणून तुम्ही उठून गेलात.

बाटली तिथेच होती. मी ब्रश भरभरून बुडवला आणि माझ्या नंबरावर फिरवला, पण औषध जास्त झालं. ते पसरलं, वरच्या ओळीवरही गेलं. मी बोटाने पुसायला गेले तर आणखीच पसरलं. मग दोन्ही ओळी अख्ख्या रंगवून टाकल्या, म्हणजे निदान डाग सारखा दिसेल असं मला वाटलं असावं. तुम्ही आलात, स्टेन्सिल मशीनवर चढवलंत, पहिली प्रत काढलीत आणि नेहमीसारखी खिडकीच्या उजेडात धरलीत. तुम्ही बराच वेळ बघत राहिलात. मग माझ्याकडे पाहिलंत. मी बुटाची नाडी बांधायला वाकले. आणि मग मशीनच्या दांड्याचा आवाज सुरू झाला, खटक खटक, साठ प्रती.

कित्येक वर्षं मला वाटायचं की मी तुम्हाला फसवलं. तुम्ही घाईत होतात, तुमच्या लक्षात आलं नाही. पण मी स्वतः हे काम करायला लागले तेव्हा कळलं की, ज्याने नोटीस आपल्या हाताने टाइप केली त्याला तळाशी कोरा कागद दिसणार नाही हे अशक्य आहे. आणि तुम्ही प्रत्येक स्टेन्सिल जुन्या वर्तमानपत्रात घालून वर्षभर जपायचात. मी नंतर त्या गठ्ठ्यात शोधलं, पाचवीचं तेवढं मिळालं नाही. ते तुम्ही फाडलंत. म्हणजे तुम्ही पाहिलं होतं, आणि ज्या माणसाने 'तुझ्यासाठी का थांबवू' म्हटलं, तो दहा मिनिटांत माझ्यासाठी थांबला. माझ्या त्या तोंडाकडे पाहून पाघळलात. वर दुसऱ्याच दिवशी मधल्या सुट्टीत तुम्ही गुपचूप बाईंना जाऊन भेटलात, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीभर रोज मला अपूर्णांक शिकवलेत, नंबराविषयी चकार शब्द न काढता. मला एकच विचारायचं आहे. वरची ओळ गेलेली दिसली होती का तुम्हाला? का फक्त खालची बघून तुम्ही समजलात की पोरीने आपला नंबर खोडला, जाऊ दे? मी या एका गोष्टीवर फार विचार केलाय. कधी वाटतं दिसली नसेल. कधी तुमचा इतका राग येतो की बस. तुम्ही मोठे होतात. एक थोबाडीत द्यायची, नवीन स्टेन्सिल मारायचं, वीस मिनिटांचं काम होतं.

तीन मुलं आजारी होती. दोघांची भावंडं शाळेतच होती, त्यांना बाईंनी तोंडी सांगितलं. तिसरी आपल्या मागच्या गल्लीतली, मोटारींच्या सीटची कव्हरं शिवणाऱ्याची मुलगी. तिला कावीळ झाली होती. ती पेपरला आली नाही, नापास झाली. निकालानंतर तिचे वडील शाळेत आले तेव्हा मी तुमच्या खोलीत कपाटाशी बसले होते. प्रिन्सिपलसाहेब त्यांना घेऊन खाली आले. त्या माणसाने खिशातून कागद काढला, चार घड्या घातलेला. आवाजही चढवला नाही. 'बाबूजी, कागज़ तो मैंने संभाल के रखा है. आप ही दिखा दो, इसमें कहाँ लिखा है.' साहेबांनी तुम्हाला विचारलं, 'आपने टाइप किया था?' तुम्ही उभे राहिलात. 'जी. लाइन मुझसे छूट गई. गलती मेरी है.' माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीत. पेपर पुन्हा घेता येईल का, असं तुम्ही विचारलंत, तेही दोनदा. निकाल लागला होता, रजिस्टर वरच्या ऑफिसात गेलं होतं, साहेबांनी नकारार्थी मान हलवली. त्या माणसाने कागद परत घडी करून खिशात ठेवला, का ठेवला कोण जाणे, आणि तुम्हाला नमस्कार करून गेला. मला वाटलं होतं तो भांडेल. भांडला असता तर बरं झालं असतं.

मुलीला त्याने पुन्हा पाचवीत बसवलं नाही. ती घरीच कव्हरांना काज आणि बटणं करायला लागली. तुम्हाला टाइपरायटरवरून उठवून स्टोअरमध्ये पाठवलं, खडू, डस्टर आणि नकाशे मोजायला, आणि निवृत्तीपर्यंत तिथेच ठेवलं. घरी तुम्ही काही सांगितलं नाही. पण आई रोज संध्याकाळी स्वयंपाकघरात तुमच्या बोटांना रॉकेल लावून शाई काढायची, तिला कळायचं राहतंय थोडंच? तिसऱ्या दिवशी पोळी लाटता लाटता म्हणाली, 'अहो, हात स्वच्छ कसे हो तुमचे आजकाल?' तुम्ही म्हणालात, 'डोळ्यांना त्रास होतो टाइपिंगचा, मीच काम बदलून मागितलं.' मी समोर पाटावर बसून वरण-भात कालवत होते. आईने तुमच्यासाठी गाजरं आणायला सुरुवात केली. रोज गाजर किसायची, डोळ्यांना चांगलं म्हणून, आणि तुम्ही ते निमूट खायचात.

त्या मुलीचं लग्न पानिपतला झालं, एवढं आईकडून कळलं होतं. पुढचं मला माहीत नाही. पानिपत इथून दोन-अडीच तासांवर आहे, बाबा. मी शोधलं असतं तर सापडली असती. मी रोज दुसऱ्यांच्या आजारी मुलांच्या घरी फोन करते, लोक म्हणतात वडिलांचे संस्कार, आणि मी ते ऐकून घेते. आज त्या तेवीस वर्षांच्या पोरीने विचारलं तेव्हा क्षणभर वाटलं, सांगून टाकावं. मग वाटलं, ही उद्या स्टाफरूममध्ये सगळ्यांना सांगेल. पुढच्या मार्चमध्ये मी बहुतेक परत तुमचीच चूक सांगेन. हे पत्र टाकायला पेटी नाही, आणि असती तरी मी ते टाकलं नसतं, कारण ब्रशचं तुम्हाला ठाऊक होतं, पण पुढचं नव्हतं. ते कळलं असतं तर तुम्ही माझ्यासाठी उभे राहिला असतात की नाही, याची मला खात्री नाही.

ती नोटीस तिच्या घरी मीच नेऊन दिली होती. बाईंनीच दिली होती माझ्याकडे, जवळ राहते म्हणून. ती खाटेवर उशीला टेकून बसली होती, डोळे हळदीसारखे पिवळे. तिने कागद वाचला, उलटून मागची बाजू पाहिली, परत वाचला. 'मेरे पेपर का तो इसमें कुछ है ही नहीं. तुझे पता है कब है?' मला माहीत होतं. रंगवायच्या आधी मी ती ओळ वाचली होती. सोमवार, सकाळी साडेआठ, खोली नंबर चार. सांगितलं असतं तर तिने विचारलं असतं, तुला कसं कळलं. मी म्हटलं, 'तुम लोगों का पेपर नहीं होगा शायद. होता तो लिखते ना.' तिला केवढा आनंद झाला, बाबा. तिने टाळ्या वाजवल्या, आईला हाक मारून सांगितलं की, मला पेपर माफ झाला. तिची आई हात पुसत बाहेर आली, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि चांगली बातमी आणली म्हणून मला बेसनाचा लाडू दिला. मी तो तिथेच बसून खाल्ला. तिने दुसरा दिला, तोही खाल्ला.