चार सुरांचं गाणं

प्रिय फादर,

काल दुपारी तुम्हाला पुलगावच्या मातीत ठेवून आलो, आणि आज तुम्हाला सांगण्यासारखं इतकं साठलंय की राहवेना. म्हणून लिहितेय. तसंही तुमच्यासमोर बोलायची सोय कुठे होती? मध्येच थांबवून "पोटातून बोल" म्हणायचात!

इटलीत तुम्ही मोठ्या चर्चसाठी गाणी रचायचात, गाणं शिकवायचात. ते सोडून आमच्यासारख्या गिरणीतल्या आणि वावरातल्या माणसांना शिकवायला आलात. काय पाहिलंत हो आमच्यात?

पहिला धडा आठवतो? सगळ्यांना उताणं झोपवलंत, पोटावर पितळी लोटा ठेवलात आणि म्हणालात, श्वासानं तो वर उचला. नाचणगावची माझी गंगूमावशी उठूनच बसली. "गानं शिकवून राह्यले का बाळंतपण करून राह्यले?" सगळ्यात मोठ्यानं हसलात ते तुम्हीच.

मग आमच्यासाठी मराठीत नाताळचं गाणं रचलंत. चार गट, चार वेगळे सूर, सगळे एकाच वेळी गायचे. ते एकदा चारही सुरांत ऐकायचं, एवढीच तुमची हौस. पण आम्ही पडलो भजनातली माणसं! बुवा पुढे, आपण मागे. आम्हाला धीर द्यायला तुम्ही त्या दणदणीत आवाजात गायला लागलात, की चारही गट आपापला सूर सोडून तुमच्या सुरात!

"माह्या मागं काऊन येऊन राह्यले?" म्हणत तुम्ही डोक्याला हात लावायचात. वऱ्हाडी मात्र झकास शिकला होतात.

मावशीचं उत्तर ठरलेलं. "मोठा मानूस गाऊन राह्यला अन् आपन दुसरंच गायाचं? बरं दिसते का?"

दर नाताळला हेच. पण फादर, तुम्ही तरी एकदा गप्प का बसला नाहीत? याचा मला अजून राग येतो.

काल तुमच्या शवपेटीभोवती उभं राहून तेच गाणं म्हटलं. गेल्या वर्षी दीक्षा घेऊन बौद्ध झालेला सुखदेवही नेहमीसारखा ढोलक घेऊन आला होता. पुढे गाणारं कुणी नव्हतं. मावशीनं एकदा तुमच्याकडे पाहिलं आणि आपला खालचा सूर धरला. मी माझा धरला. फादर, चारही सूर टिकले! शेवटच्या ओळीपर्यंत टिकले! आम्ही रडत होतो आणि हसतही होतो. इतकी वर्षं वाट पाहिलीत, आणि ऐकायला नेमके तुम्हीच नाही.

येत्या नाताळला ते पुन्हा तसंच गाऊ. माझा शब्द आहे. तुम्ही फक्त ऐका. कितीही आवडलं तरी वरून आवाज लावू नका हं, मावशी लगेच तुमच्या सुरात जाईल!

तुमची, दुसऱ्या सुरातली
शांता